नाही म्हणजे नेमकं कुठलं ‘नाही’?

प्रत्येक घरात एक ‘इंग्लिशवाला’ माणूस असतो. आयटीत किंवा बँकेत नोकरी, गळ्यात आयकार्ड, दिवसाला पन्नास मेल. त्यामुळे घरात इंग्रजीतला कुठलाही कागद आला, मग ती इन्शुरन्सच्या क्लेमची भानगड असो नाहीतर बिल्डरची नोटीस, तो थेट त्याच्याकडे फॉरवर्ड होतो. सोबत तीनच शब्द : ‘जरा बघ ना.’ तुम्ही हा कॉलम वाचताय, म्हणजे तुमच्या घरातला तो माणूस बहुतेक तुम्हीच आहात. सॉरी बॉस, पण आज तुमच्याच कामाचं बोलायचंय.

मार्च संपता संपता या फॉरवर्डमध्ये एक वेगळाच नमुना यायला लागतो. कुणाचा तरी धाकटा भाऊ, कुणाची तरी चुलतबहीण, बारावी झालेली किंवा होणारी. अमेरिकेतल्या कॉलेजचा मेल. वरच्या पॅरामध्ये ‘काँग्रॅच्युलेशन्स’, खालच्या पॅरामध्ये ‘वी रिग्रेट’. ॲडमिशन दिली, पण फायनान्शियल एड नाही. म्हणजे या, तुमचं स्वागत आहे, फक्त वर्षाचे साठ-सत्तर हजार डॉलर घेऊन या. पेढे आणायचे की नाही, तेच कुणाला कळत नाही!

आपल्याकडे गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. ‘नाही म्हणाले ना? जाऊ दे. आपल्या नशिबात नव्हतं.’ मेल बंद. विषय बंद. आणि मला नेमकं इथेच तुम्हाला थांबवायचंय. कारण तिकडच्या सिस्टिममध्ये ‘नाही’नंतर अजून एक पान असतं. त्याचं नाव अपील. बहुतेक कॉलेजांत एडचा निर्णय पुन्हा तपासायला सांगता येतो, परदेशी विद्यार्थ्यालाही. पण अपील करायच्या आधी एक गोष्ट बघायची. आलंय ते नेमकं कुठलं ‘नाही’ आहे?

आधी थोडा फंडा क्लिअर करू. अमेरिकन मुलांना मिळणारी सरकारी मदत, म्हणजे तो फाफ्सा नावाचा फॉर्म आणि त्यातून मिळणारी पेल ग्रँट, स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्या आपल्या मुलांना मिळत नाही. त्यामुळे आपल्याला जे काही मिळतं, ते कॉलेजच्या स्वतःच्या खिशातून. पदवीच्या ॲडमिशनला परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि मग लागेल ती मदत करणारी कॉलेजं अगदी मोजकी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट यांचं नाव त्यात जुनं. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडिन त्यांना येऊन मिळाली. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलांसाठी ठरावीक गल्ला असतो. त्यात जितकं आहे तितकंच वाटायचं. म्हणजे तुमच्या भावाला आलेलं ‘नाही’ हा त्याच्या हुशारीवरचा शेरा नाही. बऱ्याचदा तो नुसता हिशोब असतो.

आता या ‘नाही’चे चार प्रकार.

पहिलं, नियमाचं नाही. ‘ॲडमिशनच्या वेळी एड मागितली नव्हती, आता मागता येणार नाही.’ अनेक कॉलेजांत परदेशी मुलांसाठी हा नियम असतो आणि तो चारही वर्षं लागू होतो. एड मागितली की चान्स कमी होतो, म्हणून आधी मागू नका, आत गेल्यावर बघू, असा सल्ला देणारे एजंट असतात. आता बोला! या नाहीवर अपीलाला फार जागा नाही. घरात नंतर खरोखरच मोठं संकट आलं, तर काही कॉलेजांचा छोटासा इमर्जन्सी फंड असतो, तेवढाच.

दुसरं, कागदाचं नाही. काहीतरी पोचलंच नाही. वडिलांचं आयटी रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, मराठीतल्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर, काहीतरी राहिलं किंवा उशिरा गेलं. हे सगळ्यात सोपं नाही. काय राहिलं ते विचारा, त्याच दिवशी पाठवा.

तिसरं, गल्ला संपल्याचं नाही. ‘तुम्हाला गरज आहे हे मान्य, पण परदेशी मुलांसाठीचा निधी संपला.’ इथे कितीही हळवं लिहा, पेटीत पैसेच नाहीत. नम्रपणे इतकंच विचारायचं, की कुणी ॲडमिशन सोडली आणि पैसे मोकळे झाले, तर आमचा विचार होईल का?

आणि चौथं, हिशोबाचं नाही. ‘तुम्ही दिलेल्या माहितीनुसार तुमचं कुटुंब हा खर्च करू शकतं.’ खरी अपील इथे असते. कारण त्या ऑफिसने तुमचं घर पाहिलेलं नाही. तुमच्या घराविषयीचा एक फॉर्म पाहिलाय.

माझ्याच घरातलं सांगते. मामेबहिणीचं, २०२४ चं. दोन कॉलेजांत ॲडमिशन झाली होती, दोन्हीकडे एड नाकारली. पहिलं तिचं ड्रीम कॉलेज. दुसरं लहानसं, नाव सांगितलं तर ‘हे कुठे आलं?’ असं विचाराल असं. दुसऱ्याचा सगळा मिळून खर्च वर्षाला ४८ हजार डॉलर. मार्कांवर २२ हजारांची स्कॉलरशिप त्यांनी आधीच दिली होती. राहिले २६ हजार. ते तुम्ही भरू शकता, असं त्यांचं म्हणणं.

का? तर फॉर्मवर दोन वर्षं मागचं उत्पन्न विचारतात. मामाचं ते वर्ष भारी दिसत होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या कंपनीने चिंचवडचं युनिट आवरायला घेतलं, आणि त्याने व्हीआरएस घेतली. मिळाले ४० लाख, एकरकमी. रिटर्नवर ते उत्पन्न म्हणूनच गेले. शिवाय कोथरूडचा फ्लॅट. तिकडे बसलेल्या माणसाला काय दिसलं? चांगला कमावता बाप आणि शहरात मालकीचं घर. त्याला काय माहीत, की हे ४० लाख म्हणजे एका वर्षाची कमाई नसून पुढच्या सगळ्या वर्षांचा पगार आहे! २०२३ मध्ये पगाराच्या रकान्यात मामीच्या शाळेच्या पगाराशिवाय काही नव्हतं. त्याच वर्षी आजी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं ऑपरेशन, साडेचार लाख. वय ८१, मेडिक्लेम नाही.

हे सगळं खरं होतं. फक्त त्यातलं काहीही फॉर्मवर नव्हतं. आणि अपील म्हणजे एवढंच असतं. फॉर्मला जे दिसलं नाही, ते पुराव्यासकट दाखवणं.

पण गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. दीड वर्षं मामा लग्नाकार्यात सगळ्यांना ‘कन्सल्टन्सी करतो’ म्हणून सांगत होता. आम्ही सगळे ‘अरे वा’ म्हणत होतो. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. अशा गोष्टी आपल्याकडे फार शिस्तीत पाळल्या जातात! आता पत्रात पहिलंच वाक्य असं लिहायला लागणार होतं, की ‘माझ्या वडिलांना ऑगस्ट २०२२ पासून नियमित नोकरी नाही.’ बहिणीने ते टाइप केलं, लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहिली. मामाने वाचलं. मग म्हणाला, ‘परक्या लोकांपुढे हात पसरायचे का आता?’

मी म्हटलं, मामा, हात कोण पसरतंय? त्यांनी हिशोब केलाय, तो चुकीच्या आकड्यावर केलाय. आपण बरोबर आकडा देतोय. तू आयुष्यभर परचेसमध्ये होतास. चुकीचं बिल आलं तर गप्प भरायचास का?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून कपाटातून फाइल काढून आणली. व्हीआरएसचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, पीएफचं स्टेटमेंट. सगळं पंच करून, तारखेनुसार लावलेलं. म्हणाला, ‘आईच्या हॉस्पिटलचं बिल पण लाव. ओरिजिनल माझ्याकडे आहे.’

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात कठीण आहे ते हेच. इंग्रजी नव्हे, फॉर्म नव्हे, डॉलरचा रेटही नव्हे. आपण मध्यमवर्गीय माणसं पैसे नसल्याचं कधी लिहीत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कितीतरी मुलं वार लावून जेवली, माधुकरी मागून शिकली, शाळेत नादारीचा अर्ज करून फी माफ करून घेतली. पुढे तीच गोष्ट अभिमानाने सांगितली गेली. आपण मात्र ईएमआयवर घेतलेल्या गाडीतून उतरतो आणि ‘सगळं मस्त’ म्हणतो. मग तिकडच्या फॉर्मवरही सगळं मस्तच दिसतं. ते म्हणतात, मस्त आहे ना, मग भरा!

आता पत्राकडे. मेल पाठवायचा तो फायनान्शियल एड ऑफिसला. ॲडमिशनवाल्यांना नाही, प्रेसिडेंटला तर मुळीच नाही. काही कॉलेजांचा अपीलाचा स्वतःचा फॉर्म असतो, तो आधी विचारून घ्यायचा. लिहायचं मुलाने स्वतः. एजंटने लिहिलेलं पत्र तीन ओळींत ओळखू येतं. तुम्ही फक्त स्पेलिंग बघा.

शाळेत शिकलेला अर्जाचा साचा विसरून जा. ‘कृपाळू होऊन’, ‘आपला आज्ञाधारक’ यातलं काहीही इंग्रजीत नेऊ नका. ‘आय बेग टू स्टेट’ तर अजिबात नको. आईच्या डोळ्यांतलं पाणी, लहानपणापासूनचं स्वप्न, नासा, कल्पना चावला हे सगळं आधीच्या निबंधात लिहून झालेलं असतं. इथे एक पान पुरे, आणि त्यात चारच गोष्टी. एक, ॲडमिशनबद्दल थँक्स आणि यायची इच्छा आहे हे स्पष्ट. दोन, फॉर्म भरल्यावर काय बदललं किंवा फॉर्ममध्ये काय दिसलं नाही, ते तारीख आणि रकमेसकट. रक्कम रुपयांत, शेजारी डॉलरमध्ये, कुठला रेट धरला तेही लिहून. तीन, तुम्ही वर्षाला नेमके किती देऊ शकता तो आकडा. चार, जोडलेल्या कागदांची यादी.

तिसरी गोष्ट लोक हमखास गाळतात. ‘जितकी होईल तितकी मदत करा’ असं लिहितात. अहो, समोरच्याला आकडा लागतो! बहिणीने लिहिलं : आम्ही वर्षाला १० हजार डॉलर देऊ शकतो, आणि ते कुठून येतील ते असं असं. एड ऑफिसच्या माणसाला कमिटीपुढे ठेवायला काहीतरी हातात मिळालं.

दुसऱ्या कॉलेजाने जास्त दिलं असेल, तर ते पत्रही जोडता येतं. काही कॉलेजं त्याचा विचार करतात, काही सरळ सांगतात की आम्ही करत नाही. पण लक्ष्मी रोडवर साडीचा भाव करतो तसा सूर नको. ‘ते इतके देतायत, तुम्ही किती देता?’ नाही. ‘मला तुमच्याकडेच यायचंय, फरक एवढा आहे, पुन्हा बघता येईल का?’ हो.

रुपयाचा मुद्दाही अपीलात चालतो, पण आकड्यात. २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळीस रुपयांच्या आत-बाहेर होता. २०२२ मध्ये त्याने पहिल्यांदा ८० ओलांडले. कोर्स चार वर्षांचा, पगार रुपयांत आणि फी डॉलरमध्ये, हे तिकडच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. फॉर्म भरला त्या दिवशीचा रेट आणि आजचा रेट, त्यातला फरक दोन ओळींत मांडायचा.

मग कॅलेंडर. पदवीच्या ॲडमिशनला होकार द्यायची नेहमीची तारीख १ मे. आपला महाराष्ट्र दिन. सोसायटीत झेंडावंदन चालू असताना इकडे डिपॉझिट भरायची घाई. अपील एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे. उत्तर यायला उशीर होतोय असं दिसलं, तर डिपॉझिटची तारीख वाढवून मागायची. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि कुणी ‘अर्ली डिसिजन’मध्ये अर्ज केला असेल, म्हणजे मिळालं तर येणारच असं लिहून दिलं असेल, तरी परवडण्याइतकी एड मिळाली नाही म्हणून त्यातून बाहेर पडता येतं. घाबरून कर्ज काढू नका.

आणि तुमच्यापैकी जे स्वतःच जीआरईची पुस्तकं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये लपवून बसलेत, त्यांच्यासाठी. मास्टर्सला घरची ऐपत बघून मिळणारी मदत क्वचितच. तिथे पैसा डिपार्टमेंटकडे, असिस्टंटशिपच्या रूपात. त्यामुळे लिहायचं डिपार्टमेंटला. फंडेड ऑफर्सना उत्तर द्यायची १५ एप्रिल ही तारीख अमेरिकेतल्या पुष्कळ युनिव्हर्सिटीज पाळतात. त्यानंतर कुणीकुणी जागा सोडतं आणि काही पैसे मोकळे होतात. तेव्हा १६ एप्रिलचा एक सभ्य मेल कधीकधी मार्चच्या दहा मेलपेक्षा जास्त काम करतो.

अपील फेल गेली तर? एक रस्ता उरतो, ॲडमिशन वर्षभर पुढे ढकलून मागायचा. हा रस्ता काही आजचा नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर, महिना साडेअकरा पौंड. पुढे लंडनला शिकत असताना स्कॉलरशिपची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट ठेवून परत यावं लागलं. पण येण्याआधी त्यांनी युनिव्हर्सिटीकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी मिळवून ठेवली. मुंबईत सिडनहॅमला शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. दार बंद झालं होतं. त्यांनी कडी तेवढी लावू दिली नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाला वेळ मागण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपण कोण?

एक वॉर्निंग मात्र देऊन ठेवते. अपीलात लिहायचं ‘आमच्याकडे नाही’, आणि महिन्याभराने आय-ट्वेंटीसाठी बँकेत कुणाकुणाचे आणून ठेवलेले ५० लाख दाखवायचे, असं करू नका. आय-ट्वेंटी देण्याआधी कॉलेजला पहिल्या वर्षाचे पैसे कुठून येणार ते कागदावर लागतं. ते कागद आणि अपीलाचे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. ‘फंड दाखवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटचं काहीच जात नाही. व्हिसाच्या खिडकीसमोर उभं राहायचं असतं ते मुलाला. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा. हे एका वर्षासाठी की चारही? पुढच्या वर्षी मिळायची अट काय?

आमच्या घरचा निकाल सांगायचा राहिलाच. पत्र एकच होतं, कागद तेच होते. ड्रीम कॉलेजचं उत्तर चार ओळींत आलं : परिस्थिती समजली, पण निधी संपलाय. म्हणजे तिथलं नाही तिसऱ्या प्रकारचं होतं. बहीण दोन दिवस कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या, ‘हे कुठे आलं’वाल्या कॉलेजाने आधी दोन कागद जास्तीचे मागवले आणि एप्रिल संपायच्या आत वर्षाला १४ हजार डॉलर वाढवून दिले. उरले १२ हजार, तेव्हाच्या रेटने दहा लाखांच्या आसपास. दहा हजार डॉलर घरून, थोडं कर्ज काढून. बाकीचे दोन ती कॉलेजच्या लायब्ररीत काम करून मिळवते. टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करायची परवानगी तिच्या व्हिसावर असते. जमतंय. फार मजेत नाही, पण जमतंय.

तेव्हा पुढच्या वेळी ‘नाही’वाला मेल फॉरवर्ड होऊन आला, की आधी तो कितव्या नंबरचा नाही आहे ते बघा. चौथा असेल, तर घरातल्या मोठ्या माणसाकडून फाइल मागा. ते कुरकुरतील, लाजतील, लोक काय म्हणतील म्हणतील. त्यांना एवढंच सांगा. तिकडच्या ऑफिसातला तो माणूस आपल्याकडच्या कुठल्याच लग्नाला येणार नाहीये. त्याला आपले व्याही माहीत नाहीत, सोसायटीचे सेक्रेटरी माहीत नाहीत. घरचा खरा आकडा सांगायला याच्याइतका सेफ माणूस शोधून सापडायचा नाही!